टेलरबाईने शिवलेला शर्ट

टेलरबाई रागीट होती असं नाही, पण तिचा राग पक्का होता, दुहेरी टाका घातल्यासारखा. एकदा बसला की धुतला तरी जात नसे. आणि त्या महिन्यात तो सगळा तिने नवऱ्यासाठी राखून ठेवला होता.

झालं होतं असं. तिच्या आठ वर्षांच्या लेकीला सगळी गल्ली भिंगरी म्हणायची. डॉक्टरीणबाईंनी तपासून लिहून दिलं होतं, की पोरीला अतिचंचलता आहे; शिवाय अंगाला काही टोचलं की तिचा ताबाच सुटतो. कॉलरच्या लेबलावरून ती शर्ट टराटरा फाडायची. म्हणून टेलरबाई तिचे कपडे उलटे शिवायची, शिवण बाहेर आणि आत सगळं गुळगुळीत.

"नाटकं आहेत सगळी," नवरा म्हणायचा. "तू लाडावून ठेवलीस. दोन ठेवून दिल्या की येईल ताळ्यावर."

शाळा भिंगरीला मदतनीस बाई द्यायला तयार होती. ती मिळाली नाही तर या सत्रानंतर पोरीला वर्गात ठेवणार नाही, हे शिक्षिकेने तोंडावर सांगितलं होतं. अट एकच: आईने आणि बापाने त्याच प्रश्नांचा कागद वेगवेगळा भरायचा, आणि दोन्ही जुळले पाहिजेत. टेलरबाईने तो तीन दिवस घेऊन भरला. नवऱ्याने चहा निवायच्या आत चाळीसच्या चाळीस प्रश्नांपुढे 'कधीच नाही'वर खुणा ठोकल्या. अर्ज परत आला. महिन्याभरात पुन्हा भरा म्हणाले.

"अहो, वाचलंत तरी का?"

"वाचायचंय काय त्यात? माझी पोरगी वेडी नाही."

"बरं," टेलरबाई म्हणाली. इतक्या गोडीने म्हणाली की शहाण्या माणसाने तिथंच सावध व्हायला हवं होतं.

नवरा बसस्थानकात तिकीट खिडकीवर बसायचा. त्याला नवा गणवेश हवा होता. तिने तो अगदी जीव ओतून शिवला. कॉलरमध्ये मानेला घासेल असं जाड, ताठ बकरम, काखेत कडा न दुमडलेली खरबरीत शिवण, आणि पाठीच्या जोडावर आतल्या बाजूने नायलॉनच्या दोऱ्याची कापलेली टोकं, तांदळाएवढी. बाहेरून बघाल तर दृष्ट लागेल!

"छान बसलाय," तो आरशात बघून म्हणाला.

"अगदी मापात आहे," ती म्हणाली.

दहा वाजता तो पाठ खाजवत होता. बाराला एका म्हाताऱ्याने गाडीची वेळ दोनदा विचारली म्हणून त्याच्यावर खेकसला. दोनला त्याने हातातला शिक्का काचेवर आपटला, काच तडकली, आणि साहेबांनी त्याला घरी पाठवून दिलं. दारात पाऊल टाकताच त्याने बटणं तोडत शर्ट काढला आणि भिरकावला.

टेलरबाई कागद घेऊन तयारच होती. "अंगावरचे कपडे सहन होत नाहीत, काढून फेकतो: नेहमी. क्षुल्लक कारणावरून भडकतो: नेहमी. हातातली वस्तू आपटतो: नेहमी. लिहू ना? की दोन ठेवून देऊ?"

"तू हे मुद्दाम केलंस!"

"हो, मुद्दाम. हात जोडले, पाया पडले, तुम्ही ढिम्म हलला नाहीत. तुम्ही एक दिवस सोसलंत. ती रोज सोसते, आणि वर तुमचे टोमणे ऐकते."

तो उघडाच बसून राहिला. भिंगरीने त्याची लालभडक पाठ बघितली. "बाबा, टोचलं? मला पण टोचतं," ती म्हणाली आणि ओला फडका आणून पाठीवर ठेवला. थोड्या वेळाने त्याने पेन मागितलं. चाळीस प्रश्नांना त्याला दोन तास लागले.

अर्ज मंजूर झाला. पण दोघांना शाळेत बोलावून मुख्याध्यापिकेने काय म्हणावं? "वडिलांनी किती बारकाईने लिहिलंय! असे वडील मिळायला भाग्य लागतं." आणि हा गडी लाजून हसला! इतकी वर्षं दवाखान्याच्या बाकांवर बसलं कोण? टेलरबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रस्त्यावर आल्या आल्या ती म्हणाली, "उद्यापासून सकाळी भिंगरीचं तुम्ही आवरायचं. अंघोळ, वेणी, दप्तर, सगळं. भाग्य आहे ना तिचं!"

दुसऱ्या दिवशी सकाळी आतल्या खोलीत आरडाओरडा सुरू झाला. बादली कलंडली. कंगवा भिंतीवर आदळला. "आई!" भिंगरी ओरडली. टेलरबाई बाहेर मशीन दोन्ही हातांनी घट्ट धरून बसली. "आई! आई गं!" ती उठली नाही. मग बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग पोरीचा आवाज आला, "बाबा, हळू. हं, आता बांधा."

सूड पुरा झाला होता, आणि टेलरबाईला रडू आवरेना.