एक ठिपका, दोन ठिपके, तीन ठिपके

कुंदा गेली तेव्हा मी हॉस्पिटलच्या तळमजल्यावर तिच्याच औषधांच्या रांगेत उभा होतो. वरून सिस्टरचा फोन आला, "काका, लगेच वर या." आवाजावरूनच कळलं. तरी मी रांग सोडली नाही. माझ्यापुढे दोनच माणसं होती. औषधं घेतली, पिशवीत नीट ठेवली आणि मगच वर गेलो. पुढे नातेवाइकांनी 'बिचाऱ्याला धक्का बसला' असा त्याचा अर्थ लावला. धक्का वगैरे काही नाही. कोणी तोंडावर सांगेपर्यंत ती आहे, एवढंच माझं म्हणणं होतं... आज सात आठवड्यांनीही ते फारसं बदललेलं नाही.

आदल्या संध्याकाळी ती म्हणाली होती, "अहो, गाडी आठवड्यातून एकदा तरी सुरू करत जा हं." मी हो म्हणालो. थाप मारली. तिच्या आजारपणाच्या चार महिन्यांत मी गाडीवरचं कव्हरसुद्धा उचललं नव्हतं.

गाडी तिची. माझ्याकडे लायसन्स आहे, पण मी शेजारी बसणारा माणूस. तीन सिलिंडरची ही छोटी पांढरी गाडी आम्ही मुलुंडच्या या सोसायटीत राहायला आलो त्या वर्षी घेतली. दोन-तीन वर्षांत ती चढावर आचके द्यायला लागली. गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, मान हलवली आणि इंजिन खोलावं लागेल असं मला सांगितलं. मला! कुंदा त्याच्या हाताशी उभी होती आणि प्रश्नही तिनेच विचारला होता. गाडीबरोबर आलेलं पुस्तक तिने पर्समध्ये टाकलं आणि चार दिवस ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत पेन्सिलीने खुणा करत वाचलं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तिची हयात गेली. वायर कुठून निघते आणि कुठे जाते हे माहीत असलं की घाबरायचं काय, असं ती म्हणायची.

रविवारी सकाळी ओढणी कमरेला बांधून ती कंपाउंडात उतरली. इंजिन रात्रभर गार झालेलं होतं. गरम असताना हात लावायचा नाही, हा तिचा पहिला नियम. मुलाच्या सायकलचा पंप घेऊन तिने इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या स्पार्क प्लगांच्या खाचांतली धूळ उडवली, नाहीतर ती आत सिलिंडरमध्ये पडते. मग एकेक प्लग काढून नवा बसवला. गॅलऱ्यांतून माणसं बघत होती. कोणीतरी मला विचारलं, "काय हो, बाईसाहेबांना गॅरेज काढून देताय काय?" आणि मी हसलो. हसलो आणि काहीतरी विसरल्याचं निमित्त करून वर निघून गेलो. माझी बायको हात काळे करत होती आणि मी पडद्याआडून बघत होतो. हे मी तिला कधी सांगितलं नाही. तिला ठाऊक होतं. गाडी मात्र त्या दिवसापासून चढावर सुरळीत जायला लागली, इंजिन न खोलता.

पुढच्या वेळेपासून मी टॉर्च धरायला लागलो. "अहो, उजेड इंजिनावर पाडा, माझ्या तोंडावर काय बघताय!" ही आमची रविवारची संभाषणं. नवा प्लग ती रबरी नळीच्या तुकड्यात खोचून बोटांनी फिरवायची. वाकडा जायला लागला तर नळी हातात नुसती सुटते, आटे खराब होत नाहीत. हाताने पूर्ण बसल्यावरच पाना लावायचा, तोही थोडकाच. पण एकदा तिला वरून फोन आला. ती येईपर्यंत मदत करावी म्हणून मी तिन्ही प्लगांच्या केबली एकदम उपटल्या, फडक्याने लख्ख पुसल्या आणि ओळीने मांडून ठेवल्या. कुठली कुठे होती ते मात्र गेलं! अंदाजाने जोडल्या. चावी फिरवल्यावर गाडी गदगदा हलली आणि मागच्या नळीतून असा बार निघाला की तिसऱ्या मजल्यावरचे जोशी बनियनवर गॅलरीत आले. कुंदा बॉनेटवर हात टेकून हसत होती, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "मदत करायची होती ना? एका वेळी एकच काढायची. दुसरीला हात लावायचा नाही."

त्याच संध्याकाळी तिने लाल नेलपॉलिशची बाटली आणली. जन्मात नखांना न लावणारी बाई! प्रत्येक केबलीवर आणि तिच्या जागेशेजारी तिने सारखे ठिपके दिले. पहिलीला एक, दुसरीला दोन, तिसरीला तीन. "आता तुम्ही जोडलंत तरी चालेल," म्हणाली. बाटली तेव्हापासून फ्रिजच्या दारात लोणच्याशेजारी आहे.

भेटायला आलेल्यांपैकी बरेच जण म्हणाले, बाई असून काय धडाडी होती! 'बाई असून' हे शब्द माझ्या घरात कोणी काढायचे नाहीत. तिची धडाडी तिची होती. लाज माझी होती, आणि ती मी इथे छापून टाकतो आहे.

तेराव्यानंतर सोसायटीचे सेक्रेटरी आले. भला माणूस आहे, पण नियमांचा. "काका, राग मानू नका ना. बंद गाडीला पार्किंग देता येत नाही. दोघं जण वेटिंगवर आहेत. आता चालवणार तरी कोण?" मुलगाही फोनवर तेच म्हणाला, "बाबा, विकून टाका. बघून त्रासच होणार तुम्हाला." होऊ दे की! त्रास माझा आहे, तोही काढून घेणार का? गाडी चालू आहे हे दाखवायला मी सेक्रेटरींकडून पुढच्या महिन्यातला पहिला रविवार मागून घेतला.

बॅटरी चार्ज करून आणली, तरी इंजिन नुसतं खोकत राहिलं. मी घाटकोपरला तिच्या नेहमीच्या दुकानात गेलो. हा दुकानदार सुरुवातीला तिला ओलांडून माझ्याशी बोलायचा. "भाऊ, गाडी माझी आहे, माझ्याशी बोला," असं तिने त्याला सुनावलं होतं. त्या दिवशी त्याने माझ्यामागे पाहिलं. "मॅडम नाय आल्या?" मी सांगितलं. गाडी कुठली हे न विचारता त्याने तीन प्लग काढून काउंटरवर ठेवले.

रविवारी सकाळी मी टॉर्च तोंडात धरला. पंप मारला, एक केबल काढली, काळाकुट्ट प्लग बाहेर आला. नवा नळीत खोचून फिरवला. दोनदा नळी सुटली, तिसऱ्यांदा प्लग सरळ बसला. पाना थोडकाच. पहिली केबल जागेवर गेल्याशिवाय दुसरीला हात लावला नाही. गॅलऱ्या भरल्या होत्या. बघू देत. या वेळी मी वर जाणार नव्हतो. मधल्या केबलीवरचे दोन ठिपके उष्णतेने जवळजवळ गेले होते, म्हणून वरून बाटली आणली आणि सत्तरीच्या हाताने, सगळ्यांसमोर, पुन्हा दिले.

चावी फिरवली. एक आचका, दुसरा... आणि ती सुरू झाली. मी कंपाउंडला पहिल्या गिअरमध्येच तीन फेऱ्या मारल्या, गरज एकीचीच होती. शेजारची सीट रिकामी होती आणि मला रडू आलं. ते गाडी चालवता चालवताच आलं, हे नमूद करतो.

गेटपाशी सेक्रेटरी उभे होते. काच खाली केली. त्यांनी वहीत टिक केली आणि माझ्या हाताकडे पाहिलं. "काका, करंगळीला काय लागलंय? रक्त?"

"बायकोचं नेलपॉलिश आहे," मी म्हणालो. अजून पुसलेलं नाही.