हिरव्या खुणेखालचा आकडा

स्क्रीनवर हिरवी खूण आली तेव्हा शांताराम बाब चपला घालत होते. वय अडुसष्ट, गाव पार्से. सर्वणला लेकीकडे आलेले, सकाळी तिच्या अंगणात शेवाळावरून घसरून डोक्यावर पडले. लेकीने बळेच डिचोलीला आमच्या हॉस्पिटलात आणलं.

मी इथे सीटी स्कॅन टेक्निशियन आहे. डोक्याचा स्कॅन म्हणजे पाच-पाच मिलिमीटरवर घेतलेली मेंदूची चित्रं. आम्ही त्यांना स्लाइस म्हणतो. मोठ्या माणसाच्या बत्तीसेक होतात. त्या म्हापशाला बसणाऱ्या रेडिओलॉजिस्ट मॅडमकडे जातात, आणि त्याआधी एका सॉफ्टवेअरकडे. रक्तस्राव दिसला तर ते लाल खूण करतं आणि केस मॅडमच्या यादीत वर चढते. नाही दिसला तर हिरवी. मग रिपोर्टला तास-दीड तास लागतो.

कॅज्युअल्टीच्या डॉक्टरांनी हिरवी खूण पाहिली. घरी जा, रिपोर्ट फोनवर कळवतो, म्हणाले. बाबांना तेच हवं होतं. लेकीला म्हणाले,

"चल गो बाय. माका काय जाला ना."

मला रजिस्टरात स्लाइसचा आकडा लिहायची सवय आहे. मशीन मोजतंच की, म्हणून सगळे हसतात. त्या दिवशी मी चौतीस लिहिले. हिरव्या खुणेखाली बारीक अक्षरात होते वीस.

चौदा गेल्या कुठे? उत्तर माझ्याकडेच होतं. स्कॅन चालू असताना मशीन क्षणभर थांबलं, तसे 'झालं' असं समजून बाब उठायला लागले. पुन्हा सगळा स्कॅन घेऊन जास्तीचं रेडिएशन कशाला, म्हणून त्यांना नीट झोपवून मी वरचा उरलेला भाग तेवढा वेगळा घेतला. सांध्यावरच्या दोन स्लाइस मुद्दाम दोनदा, मध्ये काही सुटू नये म्हणून. माणसाला दोन्ही तुकडे दिसतात. सॉफ्टवेअर एकच वाचतं. हे मला माहीत असायला हवं होतं.

डॉक्टरांना म्हटलं, "त्यांना दहा मिनिटं सोडू नका."

"ग्रीन आहे ना?"

"खालच्या विसांचं आहे. वरचं डोकं त्याने पाहिलेलंच नाही."

मॅडमना फोन लावला. त्यांनी दुसरा तुकडा उघडला.

"डावीकडे वर रक्त आहे. आठ मिलिमीटर जाडीचं. पेशंट कुठे आहे?"

"दारात आहे, मॅडम."

"रक्त पातळ करायची गोळी घेतो का, विचारा."

घेत होते, हृदयासाठी. सकाळचीही घेतली होती. म्हणजे पार्सेला घरी जाऊन आडवे झाले असते, तर ते रक्त वाढत राहिलं असतं.

बाबांना ॲम्ब्युलन्सने मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथे गोळीचा असर उतरवला. ऑपरेशन लागलं नाही. चौथ्या दिवशी लेकीचा फोन आला, तेव्हा कुठे मला जेवण गोड लागलं.

सॉफ्टवेअर खोटं बोललं नव्हतं. किती पाहिलं ते त्याने लिहिलं होतं. आम्ही फक्त रंग वाचला. आता आमच्याकडे दोन्ही आकडे जुळल्याशिवाय खूण कुणाला दाखवत नाहीत. माझ्यावर हसणंही थांबलं.

दीड महिन्याने बाब तपासणीच्या स्कॅनला आले. मशीन थांबलं तरी हलले नाहीत. आतूनच विचारलं, "उठूं मरे आतां?"

मी आधी आकडा पाहिला. बत्तीस.

"उठा," म्हटलं.