साबणावरचा ठसा

बेगम बाजारच्या कोपऱ्यावर किल्ल्या बनवणारे एक चाचा बसतात. साबणावर किल्लीचा ठसा घ्यायचा, नवी किल्ली घासायची आणि गिऱ्हाइकासमोरच अंगठ्याने तो ठसा पुसायचा, ही त्यांची रीत. म्हणून मी त्यांच्याकडेच जाते.

परवा बाजारात बेवारस पिशवी सापडली. काल मी घराची नवी किल्ली करायला गेले, तर ती देण्याआधी चाचांनी माझ्यासमोर मोबाइल धरला.

"अम्मा, पदर हटाओ. पुलिस बोली, सबका फोटू रखना."

मी हळूच विचारलं, "मैं चोर दिखती क्या?"

"नक्को अम्मा, वैसा नहीं. कल कोई गोदाम की चाबी बना के बम रखा तो? माथे पे लिखा रहता क्या?"

ते खोटं नव्हतं. माझे यजमान तिथल्याच मसाल्याच्या दुकानात कामाला आहेत. मी चेहऱ्यावरून पदर सरकवला.

मग चाचांनी सवयीने ठसा पुसला. मी मोबाइलकडे बोट केलं. "और ये कब मिटाते?"

त्यांचा साबणाचा अंगठा तसाच थांबला. "ये मेरे हाथ में नहीं अम्मा. उनों पुलिसवाले ले जाते."

आज सकाळपासून तीनदा कुलूप ओढून पाहिलं. ते नीट लागतं. पण माझा चेहरा कुणाच्या खिशात फिरतोय, ते कुणाला विचारू?