चार साच्यांची चाचणी

परळच्या चाळीतल्या आमच्या खोलीत मी लॅपटॉपवर एक लाख कामं एकाच वेळी सुरू करून दाखवली, तेव्हा बाबा खुर्ची ओढून जवळ आले.

"करतायत काय रे हे लाख जण?"

"काही नाही. एक सेकंद झोपतात, मग उठतात."

"मग कोटी दाखव की! झोपणाऱ्याला काय लागतं?"

मी हसलो. आकडा खोटा नव्हता. नव्या प्रोग्रामिंग भाषेत एक काम सुरू करायला चिमूटभर मेमरी पुरते, हे त्यातून कळत होतं. पण दुसऱ्या दिवशी त्यावरून ऑफिसात साहेबांना मी सांगणार होतो, की आमच्या आठ सर्व्हर मशिनांचं काम दोनांवर येईल. ती मशिनं सांभाळायला पाच माणसं होती.

मी ते बाबांना सांगितलं, तेव्हा त्यांचं हसू थांबलं. गिरण्यांच्या संपाच्या आधी त्यांच्या मिलमध्ये एकाने दोनऐवजी चार साचे, म्हणजे माग, चालवायची चाचणी झाली होती. चालवणारे बाबाच. "सूत निवडून दिलेलं. तुटतच नव्हतं. सुताच्या कांड्या भरून द्यायला खुद्द जॉबर, आमचा मुकादम, मागे उभा. मला सगळं दिसत होतं, पण साहेब शाबासकी देत होता रे." शेजारच्या साच्यांवर आमच्याच मजल्यावरचे काका होते. चाचणीनंतर त्यांचे साचे गेले, ते बदलीवर, म्हणजे कोणी गैरहजर असेल त्या दिवशीच्या कामावर, आले, मग संप झाला, मग गावाला गेले आणि तिथेच वारले.

"संपात सगळ्यांचंच गेलं, बाबा."

"त्याचं आधी गेलं. माझ्यामुळे."

मी तिथेच बसून प्रत्येक कामाला खरा हिशेब करायला लावला. चार हजारांवर मशीन अडखळलं. खऱ्या कामाला आठांतली सहा मशिनं तरी लागणार होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाबा दारातच बसले होते. "दाखवलंस? कुठला आकडा?"

"दोन्ही."

"बरं केलंस," ते म्हणाले. "मला तेवढं जमलं नाही." कितीतरी दिवसांनी ते पोटभर जेवले.

दोन्ही दाखवले होते हे खरं. लाखाचा अहवालाच्या पहिल्या पानावर, चार हजारांचा शेवटच्या पानावर, तळटीपेत. तिथवर कोणी पोचलं नाही आणि मीही बोट ठेवून दाखवलं नाही. महिन्याभरात पाचांतल्या तिघांची नोकरी गेली. बाबा पुढे दोन वर्षं होते. मी त्यांना ते सांगितलं नाही.