आमच्या तोंडावरची तट्टी

चूल पेटलेली होती. तव्यावर भाकरी होती. ओव्हरसियर वाकून आत आला, दाराशी ठेवलेला माझा पाण्याचा हंडा त्यानं शिपायाला उचलायला लावला आणि चुलीवर ओतायला लावला. सगळा. भाकरीसकट.

"आज इथून धूर दिसता कामा नये," तो म्हणाला. "आणि तोंडंही. पाहुणे जाईपर्यंत कुणी तट्टीच्या बाहेर यायचं नाही."

ती बांबूच्या कांबट्यांची तट्टी मी विणलेली होती.

हे पिंपरीचं सांगते. स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. मुंबईच्या रस्त्याला लागून माळावर कारखाना उभा राहत होता. आम्ही खेडकडचे बुरूड. मी, नवरा, सासरे आणि माझी दोन वर्षांची चिंगी. गावात टोपल्यांवर पोट भरेना म्हणून आलो. नवरा बिगारी लागला. विटा वाहणारे, खडी फोडणारे, सगळ्यांनी रस्त्याच्या अल्याड झोपड्या घातल्या. कुणी बीडकडचं, कुणी सोलापूरकडचं, दोन घरं मुसलमान गवंड्यांची. पल्याड साहेबलोकांचे बंगले आणि त्यांच्या फाटकाशी नळ. आमचं पाणी तिथलं. त्या बंगल्यांच्या विटा आमच्याच डोक्यावरून गेल्या होत्या, पण नळावर आमचा नंबर शेवटचा. त्यांच्या बायकांचं धुणं आटोपलं, बादल्या भरल्या, की मग आम्ही. तेही गिळलं होतं आम्ही. गिळायची सवय लागली की घसा काही बोलत नाही.

कारखान्याच्या उद्घाटनाआधी हाच ओव्हरसियर आमच्याकडे आला होता. बांधकामावरच्या सगळ्या माणसांचा तोच धनी. त्या दिवशी मात्र हसत आला.

"म्हाताऱ्या, तट्ट्या हव्यात. मोठे पाहुणे येणार आहेत. काम चांगलं झालं पाहिजे."

सासऱ्यांनी विचारलं, "मांडवाला का सायेब?"

"हो, हो. मांडवाला."

सासऱ्यांचा चेहरा उजळला. गावाकडं लग्न कुणाचंही असो, सूप, दुरडी आणि मांडवाच्या तट्ट्या आमच्याकडून जायच्या. आम्हाला अंगणाबाहेरच बसवायचे, हे खरं. पण शिधा यायचा. आणि मांडवातला कुणीतरी मोठा माणूस हटकून विचारायचा, "बुरडाला पोचलं का?" तेवढ्या एका वाक्यावर आमच्या कैक पिढ्या जगल्या. सासऱ्यांना वाटलं, इथंही तसंच असणार. ज्यानं मांडव विणला त्याला मांडवाच्या कडेला तरी उभं करतील. त्यांनी ते सगळ्या वस्तीला सांगितलं. वस्तीनं खरं मानलं. मीही मानलं.

मग काय विणलं आम्ही! बांबूची बाहेरची बाजू गुळगुळीत, चमकणारी. तिला आम्ही पाठ म्हणतो. आतली खरबरीत, तिला पोट. सासरे सारखे ओरडायचे, "पाठ एका अंगाला, पोट एका अंगाला. मिसळू नगा. आन् घट्ट विना. सुई जाता कामा न्हाई." सगळ्या वस्तीतल्या बाया कांबट्या काढायला बसल्या. बोटं चिरली. चिंगी माझ्या मांडीवर, मी वाकून विणतेय. मला आनंद झाला होता, हे सांगायला आज लाज वाटते, पण झाला होता. माझ्या हातची वस्तू मोठ्या माणसांच्या डोक्यावर असणार होती.

समारंभाच्या दिवशी सकाळीच आम्ही न्हालो. ठेवणीतली लुगडी काढली. सासऱ्यांनी धुतलेलं पागोटं बांधलं. तेवढ्यात माणसं आली आणि वस्तीच्या पुढ्यात खड्डे खणू लागली. आम्ही हसलो. वाटलं, येडे जागा चुकले. सासरे सांगायलासुद्धा गेले, "आरं बाबांनो, मांडव तिकडं मैदानात. हितं कुटं बांधताय?"

ते खणतच राहिले. बांबू रोवले, तट्ट्या उभ्या केल्या. या टोकापासून त्या टोकापर्यंत. रस्त्याच्या अंगाला पाठ, चकचकीत. आमच्या अंगाला पोट.

मग तो आला आणि घरोघरच्या चुलींचं ते झालं, पहिली माझी.

दुपारभर बँड वाजत होता. मोटारी येत होत्या, जात होत्या. आम्हाला आवाज येत होता, दिसत काहीच नव्हतं. वीणच इतकी घट्ट होती. सासरे पागोटं बांधून तट्टीकडं तोंड करून बसले होते. मी म्हटलं, "मामंजी, आत चला." ते हलले नाहीत. संध्याकाळी त्यांनी पागोटं सोडलं आणि एकच बोलले, "माज्या हातानं केलं म्या." कुणी शिधा आणला नाही, हे सांगायला नको. पोरं त्या दिवशी उपाशी झोपली, कारण चुलीच ओल्या होत्या.

पाहुणे गेले. तट्ट्या राहिल्या. बंगल्यांतल्या बायकांना त्या आवडल्या. समोरची घाण दिसत नव्हती ना. घाण म्हणजे आम्ही. नळाकडं जायची आमची वाट बंद झाली. लांबचा वळसा घालून, ओढा ओलांडून जावं लागे. मग बाया ओढ्याचंच पाणी भरू लागल्या. मीही भरलं. चिंगीला हगवण लागली. पोरीचे डोळे आत गेले. कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची.

मी वळसा घालून ओव्हरसियरच्या फाटकाशी गेले. हात जोडले. त्या हात जोडण्याचीही आज मला लाज वाटते.

"सायेब, माजी पोरगी जातीया. योक तट्टी काडा. येकच. पान्यापुरती वाट द्या."

तो दात घासत होता. चूळ टाकून म्हणाला, "तूच विणलीस ना? चांगली विणलीस. एक भोक नाही कुठं. मग आता रडतेस कशाला?"

आतून त्याची बायको हसली.

माझं रडणं तिथंच थांबलं. आजवर पुन्हा आलेलं नाही. तोपर्यंत मला वाटायचं, हा माणूस रागीट आहे, कामाच्या घाईत आहे, त्याला आमचं कळत नाही. त्या वाक्यानं समजलं, त्याला सगळं कळतं. कळतं म्हणूनच मजा येते.

मी घरी आले. कोयता घेतला. चिंगीला पाठीशी बांधलं. चांगलं लख्ख उजाडलं होतं, साहेबलोक कामाला निघाले होते. मला ते हवंच होतं. पहिला घाव घातला तो तट्टीच्या मधोमध. माझीच वीण, माझ्याच कांबट्या. सुईही जात नव्हती तिथून माझं सगळं अंग बाहेर पडलं.

बंगल्यांचा रखवालदार काठी घेऊन धावला. मी म्हटलं, "हात लावून बघ." कोयता हातात होता. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि काठी खाली केली.

नळावर ओव्हरसियरची बायको धुणं धूत होती. रोज मी तिच्यामागं हंडा घेऊन उभी राहायचे, पदर सावरून, मान खाली घालून. त्या दिवशी म्हणाले, "सरक."

ती सरकली. एवढंच होतं तर. इतके दिवस एवढंच होतं!

चिंगीला पाणी पाजलं. मग भर रस्त्यात उभी राहिले, कोयत्यासकट. एका ट्रकवाल्यानं थांबून पुण्याच्या सरकारी दवाखान्यात नेऊन सोडलं. चिंगी जगली.

साहेबलोकांनी तट्टीचं भोक दोरीनं बांधून घेतलं. मी पुन्हा कापलं. पुन्हा बांधलं, पुन्हा कापलं. दुसऱ्या वेळी शेजारची गवंड्याची बायको विळी घेऊन माझ्याबरोबर होती. तिसऱ्यांदा किती बाया होत्या ते मी पाहिलं नाही. सासऱ्यांकडं नवी तट्टी विणायचा निरोप आला, तेव्हा ते म्हणाले, "हात चालत न्हाईत माजे." त्यांचे हात तेव्हा दुरडी विणत होते. भोक राहिलं ते राहिलंच. वस्ती त्यातूनच ये-जा करू लागली.

पुढं ओव्हरसियरच्या मुलीचं लग्न निघालं. लग्नाला सूप लागतं. एके सकाळी तो स्वतः आला. त्याच भोकातून, वाकून, कांबटीत धोतर अडकवून घेत.

"सूप आणि दुरडी पाहिजे," तो म्हणाला. "बुरडाकडूनच हवं म्हणते घरात."

सासरे उठू लागले. हाडात मुरलेली सवय. मी त्यांचा हात धरून खाली बसवलं.

"चूल पेटलेली हाय सायेब," मी म्हणाले. "धूर लागंल तुमाला. भाईर व्हा."

तो काही तरी बोलणार होता. मी चुलीत ओलं लाकूड सारलं. तो खोकत बाहेर गेला.

सूप त्यानं पुण्याहून आणलं असेल. आणू दे. आमच्यातली शहाणी माणसं मला म्हणतात, पोरगी वाचली ना, मग आता सोड. का सोडू? ती वाचली ती कोयत्यानं, त्याच्या दयेनं नव्हे. ती वाचली म्हणून त्याचा गुन्हा धुतला जात नाही. त्याच्या घरात लेकी लग्नाला येवोत, नाती येवोत, माझ्या हातचं सूप त्या उंबऱ्यात जाणार नाही. चिंगीला मी विणायला शिकवलं आहे. कुणासाठी विणायचं नाही, हे त्याआधी शिकवलं.

कोयत्याला मी रोज धार लावते. आमच्या तोंडावर पुढची तट्टी कोण उभी करील, कुठं करील, ठाऊक नाही. फाडणार मीच आहे.