आहेराची रांग

सांगलीत माझ्या पुतणीच्या लग्नाच्या कॅसेटचं मिक्सिंग ज्या बाईंनी केलं, त्यांचं नाव मी कधी विचारलंच नाही. चाळिशीच्या असाव्यात, विट्याकडच्या. पदर खोचून दोन व्हीसीआरपुढे बसायच्या आणि बटण दाबण्याआधी दर वेळी अंगठा पदराला पुसायच्या. काम शिकून महिनाच झाला होता.

पहिली कॅसेट बघून वहिनी भडकल्या. आहेराची रांग कंटाळवाणी वाटली म्हणून बाईंनी काढूनच टाकली होती. मला घेऊन वहिनी तडक स्टुडिओत गेल्या. "टॉवेल-टोपी घेऊन आलेली माणसंच दिसत नाहीत. सोयऱ्यांना काय दाखवू?"

मालक म्हणाला, "आता मधे घालता येत नाही. तिथून पुढचं सगळं परत करावं लागेल."

"मग करते की," बाई म्हणाल्या. "कापायला शिकले, पर कुणाला कापायचं न्हाई ते कुठं शिकले? वैनी, तुमी शेजारी बसा. माणूस दिसंल तसं नाव सांगा."

दोन दिवस वहिनी नावं सांगत होत्या, बाई वहीत लिहून एकेकाला परत आणत होत्या, आणि मी मागे बसून बघत होतो. शेवटी वहिनी म्हणाल्या, "झाले सगळे."

"न्हाई झाले." बाईंनी शूटिंगची कॅसेट मागे घेतली आणि मानेनं माझ्याकडे दाखवलं. "ह्ये ऱ्हायले की. दिवसभर आचाऱ्याजवळ हायेत, आन् नवरी निघाली तवा भांड्यांमागं डोळं पुसत्यात."

वहिनी वळून माझ्याकडे बघायला लागल्या. बाईंनी अंगठा पदराला पुसला आणि बटण दाबलं.