आई लर्विकला, मी अॅबर्डीनला

स्कॉटलंडच्याही उत्तरेला असलेल्या शेटलंड बेटांची राजधानी म्हणून इंग्लंडमधल्या रीडिंगहून निघताना मी काय काय कल्पना केल्या होत्या! बघते तर फरसबंद असा एकच मुख्य रस्ता, त्याला चिकटून बंदर, वर चढत जाणाऱ्या अरुंद गल्ल्या आणि झाड म्हणाल तर औषधालाही नाही. नवऱ्याला इथल्या हॉस्पिटलात नोकरी, त्यामुळे तो खुशीत. मी मात्र लर्विकच्या नावाने नुसती करवादत होते. दुकानात दूध नसलं की लोक शांतपणे सांगत, बोट आली नाही. धुकं पडलं की विमान बंद आणि ते धुकं घालवणारा वारा सुटला की बोट बंद, असलं हे गाव.

पहिलं बाळंतपण, म्हणून आई पुण्याहून निघाली. खरं सांगते, मला ती बाळाआधी हवी होती. स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या अॅबर्डीनला पोचली आणि धुक्यामुळे पुढचं विमान रद्द. ती गप्प बसतेय कसली! मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारत बंदर गाठलं आणि रात्रभराच्या बोटीत चढली. त्याच रात्री माझ्या अंगावरून पाणी जायला लागलं, चांगलं तीन आठवडे आधी. धुकं जरा विरळ होताच मला विमानाने मोठ्या हॉस्पिटलात हलवलं, तेही अॅबर्डीनलाच. आईला उतरवून घ्यायला नवऱ्याला मीच मागे ठेवलं.

सकाळी ती लर्विकच्या धक्क्यावर उतरली तेव्हा नात जन्मलेली होती, तीही आदल्या संध्याकाळी आजीने सोडलेल्या गावात. मी पोरीला छातीशी धरून ढसाढसा रडले.

आई उलट्या पावली निघणार, तर वादळ. बोट नाही, विमानही नाही. मग जावई ड्युटीवर असताना शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी तिला लोकरीची टोपी चढवली आणि गावभर फिरवलं, मासळीच्या धक्क्यावरचे सील प्राणी दाखवले. लोक फार मायेचे आहेत गं, उगाच नावं ठेवतेस, असं आईने मलाच फोनवर ऐकवलं.

वारा पडल्यावर मी बाळाला घेऊन बोटीने परतले. धक्क्यावर नवरा, शेजारीणबाई, सगळे दुपट्याभोवती गोळा झाले. आईने बाळाला हातात घेतलं, कपाळावर हात फिरवला आणि अलगद जावयाकडे दिलं. मग माझा चेहरा दोन्ही हातांत धरला.

"नातीला बघते सावकाश," ती म्हणाली. "आधी माझं बाळ बघू दे."